खडूचा ट

माझ्या नणंदेला कारखान्यात सगळे टकबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं बाई. मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली असं कोणी म्हणत नाही, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तसं म्हणायला लावलं आणि मग ते जिभेवर बसलं ते बसलंच.

टकबाई हे नाव का पडलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वन्सं टेबलांच्या चौकटी आखायच्या. वरची फळी कोणीही कापतं, खरं टेबल खाली असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यातही त्यांचं काम उंची कमीजास्त होणाऱ्या चौकटींचं. एका चौकोनी नळीत दुसरी नळी, आतल्या नळीला दोन-दोन बोटांवर भोकं आणि बाहेरच्या नळीला स्प्रिंगचा खटका. खटका ओढला की आतली नळी वरखाली सरकते. सोडला की खटका समोरच्या भोकात शिरतो. पूर्ण शिरला तर आवाज येतो, टक. स्वच्छ, कोरडा. पण भोकाच्या काठावर रंग साचला असेल, किंवा नळी केसभर तिरकी असेल, तर खटका अर्ध्यातच अडकतो, आणि मग येतो तो ठ. ठक असंही नाही, नुसताच ठ, कोणीतरी गादीवर मूठ आपटल्यासारखा. वाईट हे की ठ वाला पायसुद्धा उभा राहतो. त्यावर पुस्तकं ठेवा, कोपरं टेका, आठ-आठ दिवस काही होत नाही. मग एक दिवस कोणाचा तरी धक्का लागतो.

म्हणून माल बाहेर पडायच्या आधी वन्सं प्रत्येक टेबलाखाली जाऊन बसायच्या, नळीला कान लावून एकेक खटका ओढून सोडायच्या. टक आला की फळीच्या खालच्या बाजूला खडूने ट. ठ आला की ठ, आणि तो पाय परत वेल्डरकाकांकडे. मी त्याच कारखान्यात अर्धा दिवस पॅकिंगला जाते. ट दिसल्याशिवाय पुठ्ठा गुंडाळायचा नाही, हा मला वन्संचा हुकूम होता. घरातही त्यांचाच हुकूम आणि कारखान्यातही, हे माझं नशीब.

त्या या कारखान्यात लागल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. वडील सुतार, घर भुशाने भरलेलं, शाळा अर्ध्यात सुटलेली. काम होतं लोखंडाचा कीस झाडायचं. सहा महिने मुकाट्याने झाडलं आणि एक दिवस मालकांसमोर उभं राहून सांगितलं, "तुमची टेबलं डुलतात." मालक तेव्हा तरुण होते आणि तोंडाने फटकळ होते. म्हणाले, "मग तूच दाखव न डुलणारं." दुसऱ्या दिवशी वन्संनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकट आखून आणली. दोन पायांना जोडणारी पट्टी त्यांनी पुढून काढून मागे नेली होती, म्हणजे टेबल डुलणार नाही आणि बसणाऱ्याच्या गुडघ्यांना काही लागणारही नाही. मालक ते कॅलेंडर आजही आल्यागेल्याला दाखवतात. केरसुणी सुटली, हातात पट्टी-पेन्सिल आली आणि एकतीस वर्षं तिथेच राहिली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "हा स्वभाव दुसऱ्याच्या घरी कशाला पाठवायचा?"

स्वभाव म्हणजे भित्रा. साधासुधा नाही, कमालीचा भित्रा. गॅस बंद आहे का हे त्या तीनदा बघायच्या आणि चौथ्यांदा मला बघायला पाठवायच्या. कपाटावर बॅग ठेवलेली त्यांना खपायची नाही. हातातून साधा चमचा पडला तरी "आई गं!" करून उडायच्या, आणि त्यांच्या ओरडण्याने आम्ही सगळे उडायचो. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, म्हणायचा, "ताई, भूकंप नाही, चमचा आहे."

नवीन नमुना तयार झाला की त्यावर दुप्पट वजनाची वाळूची पोती चढवायची पद्धत होती, आणि तेवढा वेळ वन्सं स्वतः खाली बसायच्या. चेहरा पांढराफटक, ओठ हलतायत, पण बसायच्या. मालक वैतागायचे. "अहो बाई, पोती ठेवलीत ना? मग तुम्ही कशाला खाली?"

"खाली माणसंच बसणार आहेत," वन्सं म्हणायच्या. "माझे गुडघे खाली असले की माझं डोकं नीट चालतं."

मला खरं सांगायचं तर हे सगळं नाटक वाटायचं. मनात म्हणायचे, एवढी भीती वाटते तर उशांचे अभ्रे शिवा ना. आता असं लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं.

त्यातून मधले आठ महिने आमचं फारच बिनसलं होतं. मी हाक मारली की त्या ओ द्यायच्या नाहीत. स्वयंपाकघरातून दोनदा, तीनदा हाक मारावी आणि यांनी पाठ फिरवून खुशाल बसावं. नवऱ्याने मात्र बाहेरून त्याच्या त्या जाड्याभरड्या आवाजात "ताई" म्हटलं की लगेच, "काय रे?" मला काय समजायचं ते मी समजले. भाऊ चालतो, भावजय चालत नाही. मग मीही कमी बोलायला लागले. एका घरात, एका कारखान्यात, आणि दोघींच्या तोंडाला कुलूप.

त्याच दिवसांत शाळेचं काम आलं. पायांत बळ नसलेल्या मुलांची शाळा. सगळी मुलं चाकांच्या खुर्चीत, म्हणून प्रत्येकाला वेगळ्या उंचीचं टेबल हवं. एकूण सव्वीस. वन्सं स्वतः जाऊन एकेका मुलाच्या गुडघ्यांची उंची मोजून आल्या. त्या दिवशी जेवताना ताटात हात तसाच ठेवून म्हणाल्या, "आपल्यावर काही पडायला लागलं की आपण पाय मागे घेतो. त्यांना घेता येत नाहीत." आणि अर्ध्या जेवणावरून उठल्या. मी त्यांचं ताट उचललं आणि मनात म्हटलं, झालं यांचं सुरू.

टेबलं गुरुवारी तपासून झाली. मी सव्वीसच्या सव्वीस ट बघितले, पुठ्ठे गुंडाळले. शुक्रवारी माल गेला. सुट्टी संपून शाळा सोमवारी उघडणार होती.

रविवारी संध्याकाळी वन्सं स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून मटार सोलत बसल्या होत्या. मी फळीवर भांडी लावत होते. एक स्टीलची ताटली माझ्या ओल्या हातातून सुटली आणि फरशीवर खणखणत गोल गोल फिरत राहिली. मी सवयीने डोळे मिटून घेतले, आता "आई गं" येणार म्हणून.

काहीच आलं नाही. मी डोळे उघडले. वन्सं मटार सोलत होत्या.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी ताटली उचलली आणि मुद्दाम टाकली. चमच्याला उडणारी ही बाई, तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर ताटली वाजत होती आणि तिची मानसुद्धा हलली नाही. एक दाणा घरंगळला तो त्यांनी शांतपणे उचलून वाडग्यात टाकला.

आठ महिन्यांचा माझा राग, हाका, ओ न देणं, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं. माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या खडूचे सव्वीस ट उभे राहिले.

मी त्यांच्या समोर जाऊन बसले.

"वन्सं, ताटली पडली."

"कधी?"

"आत्ता. दोनदा."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग ताटलीकडे. नाकारतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचे खांदे एकदम उतरले.

"जाड आवाज येतात," त्या म्हणाल्या. "बारीक येत नाहीत. तुझा आवाज बारीक आहे."

"किती दिवस झाले?"

"आठ महिने."

"आणि टक?"

"टक नाही येत."

"मग तुम्ही ट कसा लिहिता?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "बोटांनी. खटका पूर्ण शिरला की नळीला झटका बसतो. अडकला की नुसती थरथर होते. कानापेक्षा बरं कळतं. आठ महिन्यांत एक पाय परत आलेला नाही, विचार मालकांना."

मला हायसं वाटलं. अगदी पाणी प्यायल्यासारखं. "म्हणजे शाळेची टेबलं पण बोटांनीच तपासलीत ना?"

वन्संनी मटारचा वाडगा बाजूला सरकवला.

"वन्सं?"

"वीस तपासली. मग शेजारच्या शेडमध्ये कापायचं मशीन सुरू झालं. जमीन हलायला लागली. नळीच थरथरत होती, बोटांना काही कळेना. थांबायला हवं होतं मी. पण वेल्डरकाका तिथेच उभे होते. म्हणाले, बाई, हा ट ना? मला वाटलं, यांना संशय आला. मी म्हटलं, ट. आणि लिहिला." त्यांनी पदराने ओठ पुसले. "मग पुढचेही तसेच लिहिले. शेवटच्या सहांना मी नुसताच ट लिहिला गं. तीन रात्री डोळा लागलेला नाही माझा."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "अहो, मी पॅक केलीत ती! माझ्या हातांनी!" मग शाळेत फोन लावला. घंटी वाजत राहिली. रविवार संध्याकाळ, तिथे कोण असणार?

"मालकांना सांगा," मी म्हटलं.

"सांगितलं की विचारतील, कसं झालं. मग कानाचं सांगावं लागेल. आणि ते सांगितलं की उद्यापासून मी कोण?"

एकतीस वर्षं हातात खडू असलेल्या बाईला तू आता केरसुणी घे, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार?

"उद्या पहिल्या बसने जाते मी," वन्सं म्हणाल्या. "शाळा उघडायच्या आत सव्वीसही पुन्हा तपासते. तू चल माझ्याबरोबर. मला तुझे कान हवेत."

सकाळच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत एक गोल कानस, पक्कड आणि खडूचा डबा. मी खिडकीकडे बघत होते. वन्सं आपण होऊन बोलायला लागल्या. बसच्या घरघरीत त्यांचा आवाज जरा मोठाच होता, पुढचे लोक वळून बघत होते, पण मी त्यांना थांबवलं नाही.

"आईची दोन बोटं तुला आठवतात?"

सासूबाईंची उजव्या हाताची दोन बोटं कधी पूर्ण मिटायची नाहीत. पेला धरतानाही ती तशीच पुढे राहायची. मला वाटायचं, जन्मापासूनच असतील.

"बाबांनी तिला इस्त्रीसाठी एक टेबल करून दिलं होतं. वरखाली व्हायचं. पायाच्या भोकात खिळा घालायचा की झालं. मी नऊ वर्षांची होते. एक दिवस आईने सांगितलं, खिळा घाल गं. मी घातला. पूर्ण जात नव्हता, अर्धाच गेला. खेळायला जायचं होतं मला. टेबल उभं राहिलं, म्हटलं झालं." वन्सं थोडा वेळ पिशवीचे बंद चाळवत राहिल्या. "आईने कोणालाच सांगितलं नाही, खिळा कोणी घातला ते. बाबांनाही नाही. बाबा मरेपर्यंत स्वतःलाच शिव्या देत राहिले, की मीच भोक नीट पाडलं नाही. आणि मी ऐकत राहिले."

त्यांच्या भित्रेपणाला मी पंधरा वर्षं हसत आले होते. बसमधून उतरेपर्यंत मला मान वर करता आली नाही.

आठ वाजता शाळेत पोचलो. मुलं नऊला येणार होती. सफाईवाल्या मावशींनी दार उघडलं. आम्ही म्हटलं, टेबलं एकदा बघून जातो. त्या खूश झाल्या. "बघा की. मी काल सगळी लख्ख पुसून ठेवलीत. खालून पण पुसलीत हो. कोणीतरी खडूने ट, ट, ट लिहून ठेवलं होतं."

मी वन्संकडे वळून, तोंड त्यांना दिसेल असं करून, हे सांगितलं. त्यांनी भिंतीला हात टेकला. घाईत काढलेले ते सहा ट वन्संनी आपल्या हातावरून ओळखले असते, आणि तेच पुसले गेले होते. आता सव्वीस टेबलं, प्रत्येकाला दोन पाय, म्हणजे बावन्न खटके. हातात तास होता.

"हे ऐक," वन्सं म्हणाल्या. पहिल्या टेबलाखाली त्यांनी मला बसवलं, माझा कान नळीला टेकवला आणि खटका सोडला. टक. मग कानस खटक्याखाली आडवी धरून सोडला. ठ. "कळला फरक?"

"कळला."

"नक्की?"

"कळला म्हटलं ना!" मी चिडून बोलले, कारण मला मुळीच नक्की कळला नव्हता. पॅकिंग करणाऱ्या बाईचे कान माझे. त्यांना टेपचा चर्रर्र आवाज ओळखता येतो. आणि आता त्या कानांवर सव्वीस मुलांचे गुडघे होते. तोपर्यंत ती भीती वन्संची होती, मी फक्त सोबत आले होते. त्या टेबलाखाली ती माझी झाली. कानात माझंच रक्त धडधडायला लागलं, आणि त्या धडधडीतून मला टक ऐकायचा होता.

आम्ही सुरू केलं. त्या फळी जराशी उचलायच्या, खटका सोडायच्या, एक हात नळीवर. मी कान लावून. "ट," मी म्हणायचे. त्या माझ्या ओठांकडे बघायच्या, मग आपल्या बोटांचा कौल घ्यायच्या, मग मान हलवायच्या. पुढचं. आठव्या टेबलाला मी म्हटलं, "ठ." त्यांची बोटंही ठ म्हणाली. भोकाच्या काठावर रंगाचा एवढासा फुगा होता, तांदळाच्या कणीएवढा. कानशीने तो खरवडला, खटका पुन्हा सोडला. टक. दोघींनी एकदमच श्वास सोडला.

दोन वर्ग संपले तेव्हा तीन ठ सापडले होते. पावणेनऊ वाजले होते. बाहेर एक गाडी येऊन थांबल्याचा आवाज मला आला. तिसऱ्या वर्गात शेवटचं टेबल तपासून मी उठले, गुडघे झाडले आणि मोजलं.

"पंचवीस."

वन्संनी पण मोजलं. पंचवीस.

"सव्विसावं कुठे आहे?" मी सफाईवाल्या मावशींना विचारलं.

"ते होय? ते मोठ्या बाईंनी वाचनाच्या खोलीत ठेवायला लावलं. एक मुलगी लवकर येते ना, तिचा बाप कामाला जाताना सोडून जातो. आली पण ती. मघाशीच आणून बसवली."

वन्संना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण माझा चेहरा बघून त्या पळायला लागल्या. कुठे जायचं ते माहीत नसताना, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, मी दाखवलेल्या बोटाच्या दिशेने पळत सुटली.

वाचनाच्या खोलीत खिडकीशी एक दहाएक वर्षांची मुलगी बसली होती. टेबल तिच्या गुडघ्यांवरून पोटापर्यंत ओढून घेतलेलं. टेबलावर जाडजूड दप्तर, त्यावर तिची दोन्ही कोपरं, आणि ती पुढे झुकून खिडकीबाहेर बघत होती. डाव्या पायाचा खटका मला दारातूनच दिसला. दप्तराच्या आणि कोपरांच्या भाराने सुटत सुटत तो बोटभर बाहेर आला होता.

मी वन्संचा हात दाबला. त्यांनीही तो बघितला होता.

"बाळा, हलू नकोस," वन्सं म्हणाल्या. आवाज इतका शांत की मला तो ओळखू येईना. "कोपरं तशीच राहू देत. मी जरा खाली येते हं."

खुर्ची नुसती मागे ओढावी, असं कोणालाही वाटेल. पण तिच्या खुर्चीची पाय टेकायची पायपट्टी टेबलाच्या पायामागे अडकलेली होती. खुर्ची हलली की पायाला धक्का लागणारच होता. वन्सं जमिनीवर लोळत टेबलाखाली शिरल्या, मुलीचे गुडघे आणि फळी यांच्यामध्ये आपला डावा खांदा घातला आणि मला म्हणाल्या, "आता चाकांचा ब्रेक काढ. हळू मागे घे."

मी ब्रेक काढला. मी खुर्ची हळू, अगदी हळू मागे घेतली, आणि तरी पायपट्टी पायाला लागली. ठ असा आवाज आला. तो मला आजही झोपेत ऐकू येतो. आणि फळी डाव्या बाजूने धाडकन खाली आली.

दप्तर घसरून पडलं. मुलगी किंचाळली. मीही किंचाळले. टेबलाखालून काहीच आवाज आला नाही. फळी वन्संच्या खांद्यावर तिरकी टेकली होती आणि वन्सं एका हाताने मुलीची खुर्ची ढकलत होत्या, मागे, मागे, भिंतीला लागेपर्यंत.

"गुडघे?" त्या आतूनच विचारत होत्या. "तिचे गुडघे? अगं, सांग ना! गुडघे?"

"ठीक आहेत!" मी ओरडले. "वन्सं, ठीक आहेत!" पण माझा आवाज बारीक, आणि त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. त्या विचारतच राहिल्या.

ती मुलगी रडायची थांबली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टेबलाखालून बाहेर आलेल्या त्या हाताकडे. मग स्वतःच चाकं फिरवत पुढे आली, खाली वाकली, वन्संचा हात धरला आणि आपल्या एका गुडघ्यावर ठेवला. मग दुसऱ्या.

"हे बघा," ती म्हणाली. "मला तसं फारसं काही कळत नाही तिथलं. पण दोन्ही आहेत."

वन्संनी दोन्ही गुडघे चाचपले. मग त्या तिथेच, फळीखाली, हुंदके देऊन रडल्या.

आवाज ऐकून मोठ्या बाई धावत आल्या. तिरकं टेबल, खाली बसलेली बाई, रडवेली मी. "काय झालं? ही टेबलं तपासून पाठवली नव्हती का?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे खोटं तयार होतं, अगदी ओठांवर. रस्त्यात हादरा बसला, नेताना आपटलं, काहीही. वन्सं खांदा धरत उभ्या राहिल्या. त्यांनी मोठ्या बाईंचे ओठ वाचले होते.

"वीस तपासली होती," त्या म्हणाल्या. "सहा नाही. मला ऐकू येत नाही, आणि ते मी लपवलं. बाकीची आत्ता तपासली, ती बरोबर आहेत. हे एक राहिलं होतं. आमच्या मालकांना फोन लावा, मीच सांगते."

मालकांना त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. तिकडून ते काय म्हणाले ते मला फोनच्या बाहेरही ऐकू येत होतं. ते जाड आवाजाचे, वन्संनाही ऐकू आलं असणार. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "हो. खडू खाली ठेवते."

काढून टाकलं नाही त्यांना. पण तपासणी कायमची बंद. खांद्यावरचा काळानिळा डाग महिनाभर होता. तेवढे दिवस त्या घरी बसून एकच चित्र काढत होत्या, पुन्हा पुन्हा. शेवटी मालकांच्या टेबलावर त्यांनी एक नवा खटका आणून ठेवला. त्याच्या मानेला लाल रंगाचा पट्टा होता. खटका पूर्ण शिरला की लाल नळीत झाकलं जातं. अर्धा राहिला की लाल बाहेर दिसत राहतं. ऐकायला नको, चाचपायला नको, दारातूनसुद्धा दिसतं. मालक बराच वेळ तो ओढून सोडत बसले. मग कपाटातून ते जुनं कॅलेंडर काढलं आणि नवं चित्र घडी करून त्याच्यात ठेवलं.

शाळेची सव्वीसही टेबलं आता लाल पट्ट्याची आहेत.

तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी नको म्हटलं होतं, हे मुद्दाम सांगते. आता मी प्रत्येक टेबलाखाली बसते, कान लावते, टक ऐकते आणि तरीही वाकून लाल दिसत नाही ना ते बघते. गॅससुद्धा हल्ली मीच तीनदा बघते. नवरा म्हणतो, आधी घरात एक होती, आता दोन झाल्या.

पहिल्या दिवशी खडू हातात घेतला तर ट काही केल्या नीट निघेना. हात इतका कापत होता की अक्षराचं तोंड मिटून त्याचा ठ होत होता. मी तो पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. वन्सं शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे तोंड करून, स्पष्ट ओठ हलवून म्हटलं, "वन्सं, हात थरथरतोय माझा. मला नाही जमायचं हे."

"थरथरू दे," त्या म्हणाल्या. "थरथरायचा थांबला की मला सांग. त्या दिवशी खडू काढून घेईन मी तुझ्याकडून."